कालिंदाची साक्ष

“आमचा आता एकच साक्षीदार राहिलाय,” मोहोळकर वकील म्हणाले आणि कोर्टाच्या जिन्यातच त्यांनी माझ्या हातात कागद ठेवला. “बाळाची आई.”

मी नाव वाचलं. कालिंदा सुरवसे, वय चोवीस, धंदा शेती व घरकाम.

“तिला कशाला ओढताय यात?” मी विचारलं.

“मी कुठं ओढतोय, बिडवे मॅडम? संस्थेनं केलेली चौकशी तुम्हीच रद्द करून घेतलीत. आता आरोप कोर्टात पहिल्यापासून सिद्ध करायचा, तर माणसं उभी करावीच लागणार.” ते दोन पायऱ्या खाली उतरले आणि थांबून म्हणाले, “आणि आई बोलली की तुमच्या सिस्टरकडे कोण बघणार, सांगा.”

ते खोटं बोलत नव्हते. लातूरच्या कामगार न्यायालयात सिस्टर विमल सोनकांबळे यांचा दावा मी चालवत होते. एका ट्रस्टच्या रुग्णालयात त्या सोळा वर्षं नर्स होत्या. नवजात बाळांच्या कक्षात सव्वा किलोचं एक बाळ दगावलं. सिस्टर त्या वेळी कक्षात नव्हत्या. बाळाच्या बापानं काचा फोडल्या, सिस्टरांच्या थोबाडीत मारली, गावाकडून जीपभर माणसं आली. संध्याकाळपर्यंत संस्थेनं सिस्टरांना निलंबित केलं आणि पुढं बडतर्फ केलं. त्यांच्या चौकशीत सिस्टरांना एकही साक्षीदार बोलावू दिला नव्हता, म्हणून कोर्टानं ती चौकशी बाजूला ठेवली. मी तेव्हा पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पण अशा वेळी मालकाला आपला आरोप कोर्टासमोर नव्यानं सिद्ध करायची मुभा असते, आणि मोहोळकर मुभा सोडणारे नव्हते.

आमचं म्हणणं सरळ होतं. नवजात कक्ष आणि शेजारचा बाळंतिणींचा वॉर्ड, दोन्हीकडे मिळून त्या दिवशी एकच नर्स होती. वॉर्डात एका बाईला झटके यायला लागले, ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फोन करून सिस्टरांना तिकडे बोलावलं, म्हणून त्या गेल्या. डॉक्टर साक्षीला आले तेव्हा म्हणाले, मी फोन केलाच नव्हता, सिस्टर आपणहून आल्या. मी त्यांना तासभर उभं केलं, घाम फोडला, पण ते तेवढ्या एका वाक्यावरून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर माझ्या ऑफिसात आल्या. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर माझी एक खोली होती. सिस्टर म्हणजे चाळिशीच्या पुढची, सावळी, ताठ बसणारी बाई. बोलणं तुटक. माझ्या ऑफिसातला चहा फार गोड असतो हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं होतं. नोकरी गेल्यावर रुग्णालयाची खोली सोडावी लागली, तेव्हापासून त्या औसा रोडला भावाकडे राहत होत्या आणि भावजय काय बोलते ते कधी सांगत नव्हत्या.

“परवा बाळाच्या आईची साक्ष आहे,” मी म्हणाले. “उलटतपासणी मला जरा कडक घ्यावी लागेल. आधीच सांगून ठेवते.”

त्यांनी कप खाली ठेवला. “तिला काही विचारू नका.”

“म्हणजे?”

“काही विचारू नका. ती सांगेल ते सांगू दे आणि जाऊ दे घरी.”

“अहो, ती सांगणार की नर्स नव्हती म्हणून माझं लेकरू गेलं. ते तसंच ठेवलं तर आपला दावा तिथंच संपला. तुम्ही गेल्यावर बाळाजवळ कोण होतं, काय झालं, हे काहीच विचारायचं नाही?”

“नाही.”

“का पण?”

खाली दुकानात कुणीतरी पितळी घागर ठोकून बघत होतं, त्याचा आवाज वर येत होता. मी दारातला पडदा ओढला. मला राग यायला लागला होता. तीन वर्षं मी हा दावा पोटच्या पोरासारखा सांभाळला होता.

“सिस्टर, तुम्ही माझ्यापासून काही लपवत असाल तर आत्ता सांगा. परवा कोर्टात मला तोंडघशी पाडू नका.”

“लपवलंय,” त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं.

“मी परत आले तर बाळ निळं पडलं होतं. आई काचेच्या पेटीजवळ उभी. मी बाळाला बाहेर घेतलं, तोंडात नळी घातली, ओढायला लागले. नळीत पिवळट-तपकिरी असं काहीतरी आलं. ते दूध नव्हतं. त्याला वेखंडाचा वास होता.”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. “घुटी?”

“घुटी. एवढ्या बाळाला गिळताही येत नसतं, मॅडम. त्याला आम्ही नाकातल्या नळीनं दूध देतो. हिनं बोंडल्यानं घुटी पाजली. ती सगळी छातीत गेली. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं ओच्यात बाटली लपवली. औषधाची रिकामी बाटली असते ना, तसली लहान. मी म्हटलं, कुणी दिली? ती दाराकडे बघायला लागली. दाराबाहेर तिची सासू बसलेली.”

“आणि तुम्ही हे कुणालाही सांगितलं नाही?”

“नळी धुऊन टाकली. डॉक्टर आले तोवर बाळ गेलेलं होतं.”

“सिस्टर, तीन वर्षं!” मी जवळजवळ ओरडलेच. “एवढ्या एका गोष्टीवर तुमची नोकरी परत मिळते. बाळ तुमच्या हलगर्जीनं गेलंच नाही. बाळाला बाहेरचं काही द्यायचं नाही, हे आयांना तुम्ही सांगता ना?”

“रोज सांगते. तिलाही सांगितलं होतं.”

“मग?”

“तिला आधीच्या दोन पोरी आहेत, मॅडम. हा मुलगा होता. नवरा त्या दिवशी काय करत होता ते तुम्ही बघितलं नाही. मला एक थोबाडीत मारली, मी परकी होते म्हणून एकीवर भागलं. तिनं बाळाला मारलं असं त्याला कळलं तर तिचं काय करतील ते लोक? विहिरीत ढकलतील नाहीतर तिला स्वतःलाच उडी मारायला लावतील. आमच्या रुग्णालयात जळून आलेल्या बायका मी सोळा वर्षं बघितल्यात. सगळ्या म्हणतात, स्टोव्ह भडकला.”

“ती चुकली, त्याची शिक्षा तुम्ही का भोगायची?”

“मी तिथं असते तर तिनं बाटली काढलीच नसती.” हे मात्र त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. “मी नव्हते. एवढं तर खरंच आहे ना?”

“तुम्हाला बोलावलं म्हणून तुम्ही गेलात.”

“गेले ना पण.”

मी त्यांना पुष्कळ समजावलं. शेवटी मी म्हणाले, “वकील मी आहे, सिस्टर. कोर्टात काय विचारायचं ते मी ठरवणार.”

त्या उठल्या. “वकीलपत्र माझं आहे,” त्या म्हणाल्या. “ते परवा सकाळी काढून घेता येतं.” आणि जिना उतरून गेल्या.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात गेले ती विचारायचंच असं ठरवून. वकीलपत्र काढून घ्यायची धमकी मी मनावर घेतली नव्हती. अशिलांना आपलं हित कळतंच असं नाही, आणि ते त्यांच्या मनाविरुद्ध राखावं लागतं, असं माझ्या सीनियरांनी मला शिकवलं होतं. प्रश्न माझ्या डोक्यात ओळीनं तयार होते. सिस्टरांनी बाहेरचं काही देऊ नका असं सांगितलं होतं का? सिस्टर गेल्यावर तुम्ही बाळाला काही दिलंत का? बाटलीत काय होतं? तीन प्रश्न, आणि दावा माझ्या खिशात.

कालिंदा पिंजऱ्यात उभी राहिली. किरकोळ बांध्याची, डोईवरून पदर, गळ्यात काळी पोत. मागच्या बाकावर तिची सासू बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना दोन लहान पोरी. धाकटीला झोप येत होती, सासूनं तिला मांडीवर टेकवून घेतलं होतं. नवरा बसला नव्हता. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि शिपायानं दोनदा सांगूनही आत येऊन बसत नव्हता.

सिस्टर माझ्या शेजारी. सकाळपासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, पण त्यांनी वकीलपत्रही काढून घेतलं नव्हतं.

मोहोळकरांनी तिच्याकडून पाहिजे ते काढलं. बाळ चांगलं होतं ना? व्हय. हात-पाय हलवत होतं? व्हय. मग नर्स निघून गेली? व्हय. मग काय झालं? लेकरू निळं पडलं. तुम्ही हाका मारल्या? मारल्या. कुणी आलं? न्हाई. प्रत्येक उत्तराच्या आधी ती मागच्या बाकाकडे बघायची. सासू कुठं खूण करत नव्हती, मान हलवत नव्हती. नुसती बघत होती. पण कालिंदा तिकडे बघितल्याशिवाय तोंड उघडत नव्हती.

“तुमचा साक्षीदार,” मोहोळकर मला म्हणाले.

मी उठले.

“कालिंदाबाई, त्या कक्षात फोन होता?”

“व्हय.”

“सिस्टर जायच्या आधी तो वाजला होता का?”

तिनं मागं बघितलं. या प्रश्नाची तयारी बहुधा कुणी करून घेतली नव्हती. “वाजला,” ती म्हणाली. “सिस्टर त्याच्यात म्हणल्या, आले आले. आन मला म्हणल्या, बाळाकडं बघ, मी लगीच येते.”

मोहोळकरांनी मान वर केली. न्यायाधीश साहेबांनी उत्तर टाइप करून घेतलं. मी मनातल्या मनात डॉक्टरांना शिवी दिली. हे हातात आलं होतं. आता पुढचं पाऊल टाकायचं होतं.

“सिस्टर गेल्यावर बाळाजवळ कोण होतं?”

“मी.”

“आणखी कोण?”

“कुणी न्हाई.”

“मग सिस्टर परत येईपर्यंत—”

मी तिथं थांबले. त्या वेळी तिनं मागं बघितलं नाही. पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे, मग सिस्टरांकडे. तिनं दोन्ही हातांनी पिंजऱ्याचा कठडा धरला होता. मी काय विचारणार हे तिला माहीत होतं. ती त्याची वाट बघत होती. आजवर शेकडो साक्षीदार माझ्यासमोर उभे राहिले आहेत. प्रश्न टाळू बघणारा माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. ही तशी दिसत नव्हती.

चौकटीला टेकलेला नवरा सरळ झाला होता.

“मॅडम,” कालिंदा म्हणाली. प्रश्न नसताना. “मी त्या दिशी लेकराला—”

“एवढंच विचारायचं होतं,” मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. “माझी उलटतपासणी संपली, साहेब.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. “साक्षीदाराला काही सांगायचंय का?”

“साहेब, माझे प्रश्न संपलेत. विचारलेल्याचं उत्तर साक्षीदारानं दिलंय.”

त्यांनी मोहोळकरांकडे बघितलं. “फेरतपासणी?”

मोहोळकरांनी क्षणभर विचार केला. माझ्यासारखी बाई साक्षीदाराचं तोंड का बंद करतेय, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना वाटलं, ती फोनबद्दल आणखी काही बोलेल आणि डॉक्टर आणखी अडकतील. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न शहाणा वकील विचारत नाही. “नाही साहेब,” ते म्हणाले.

कालिंदाचा अंगठा घेतला. ती खाली उतरली, धाकटीला सासूच्या मांडीवरून उचलून कडेवर घेतलं आणि सगळे बाहेर गेले. जाताना ती आमच्या टेबलाजवळ रेंगाळली. सिस्टर समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाहेर व्हरांड्यात सिस्टर मला म्हणाल्या, “फोनचं बरं विचारलंत.” त्यापलीकडे आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही.

साक्ष झाली होती संक्रांतीच्या सुमाराला. निकाल लागला दिवाळीच्या तोंडावर. कोर्टानं फोन आल्याचं मान्य केलं. पण दुसरी व्यवस्था न करता, एका अडाणी बाईवर भिस्त ठेवून कक्ष सोडणं आणि त्यात बाळाचा जीव जाणं हा गंभीर हलगर्जीपणा आहे, सबब बडतर्फी योग्य आहे, असं निकालात होतं. कोर्टाला मी दोष देत नाही. कोर्टासमोर जे होतं त्यावरून मीही तेच लिहिलं असतं.

“हायकोर्टात जाऊ,” मी म्हणाले.

“तिथं परत तेच सगळं उकरायचं,” सिस्टर म्हणाल्या. “नको.”

हलगर्जीपणाचा ठपका असलेल्या नर्सला कुठलंही रुग्णालय उभं करत नाही. पुण्यात घरोघरी आजारी म्हाताऱ्यांची सेवा करायला बायका पुरवणारी एक संस्था होती, तिथं त्यांना काम मिळालं. वर्षातून एकदा, बहुधा पाडव्याला, त्यांचा फोन यायचा. कोथरूडला एका लकवा झालेल्या गृहस्थांकडे आहे, बरं चाललंय. फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न ठरलेला. “त्या बाईचं काही कळलं?” मी म्हणायचे, “काही नाही.” त्या म्हणायच्या, “काही कळत नाही म्हणजे नांदत असेल.”

साताठ वर्षं अशी गेली. मग एका डाळमिलमधल्या बायकांचं प्रकरण माझ्याकडे आलं. लातुरात डाळमिला पुष्कळ. या मिलमधल्या दहा-बारा बायकांनी बाळंतपणाची रजा मागितली म्हणून सगळ्यांनाच गेटबाहेर काढलं होतं. त्या एका दुपारी घोळक्यानं आल्या, माझ्या खोलीत मावेनात, अर्ध्या जिन्यावर बसल्या. मी सगळ्यांची नावं लिहून घेत होते. एक नाव ऐकून माझा हात थांबला. वर बघितलं तर ओळखू येईना. केस पांढुरके झालेले, अंगावर डाळीचा पिवळा भुसा, डोईवर पदर नाही, गळा मोकळा.

बाकीच्या गेल्या. ती मागं राहिली.

“मॅडम, वळकलं का?”

“ओळखलं. बस कालिंदा.”

ती खाली सतरंजीवरच बसली. “सिस्टर बऱ्या हायत ना? रोज नाव काढते मी त्यांचं.”

मी उत्तर देण्याऐवजी विचारलं, “तू मिलमध्ये कशी? गावाकडे शेती होती ना तुमची?”

“नवऱ्यानं मला सोडून किती वरीस झाले.”

“कधी सोडलं?”

“त्याच दिशी. कोर्टातून गेलो ना, त्याच दिशी.”

मी पेन खाली ठेवलं. तिनं सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते मला जमणार नाही.

“यष्टीत बसलो तवापासून आत्याबाई म्हणत होत्या, त्या नर्सनं माझा नातू खाल्ला, तिच्या अंगात किडे पडतील. सगळी यष्टी ऐकू लागली. मला सिस्टरचं तोंड दिसू लागलं. त्यांनी तवा नळीत बघितलं होतं, मॅडम. त्यास्नी सगळं ठाव होतं आन त्यांनी तीन-चार वर्स ब्र काढला न्हाई. कोर्टात पण तुमास्नी सांगायला आले तर तुमी बोलू दिलं न्हाई. मला वाटलं, ही परकी माणसं माझ्यासाठी एवढं करायलीत. मग घरी गेल्या गेल्या मी मालकास्नी सांगितलं. सिस्टरनं न्हाई, मी.”

“आणि बाटली? बाटली कुणी दिली होती?”

“आत्याबाईनं. ‘डॉक्टरला काय कळतंय, घुटीबिगर पोर उभं ऱ्हातंय का’ म्हणून कमरेच्या पिशवीतून काढून दिली.”

“ते सांगितलंस?”

“सांगितलं की. आत्याबाई म्हणल्या, मी कशाला देऊ, मला नातू नको होता का? थोरलीच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली त्यांनी.” तिनं पदरावरचा भुसा झटकला. “थोरली दुसऱ्या साली तापानं गेली. त्याचा काही संबंध न्हाई, मला कळतंय. पण कधी कधी वाटतं.”

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

“मालकांनी लई मारलं,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिशी भाऊ येऊन मला आन पोरीस्नी घेऊन गेला. वर्साच्या आत त्यांनी दुसरी केली.”

“कालिंदा, तू माझ्याकडे का आली नाहीस तेव्हाच? निकाल लागायचा होता अजून. एक शब्द सांगितला असतास तर—”

“भाऊ म्हणला, कोर्टात कबूल केलं तर पोलीस धरून नेतील, पोरी मी न्हाई संभाळणार. आन तुमीच म्हणल्या होत्या ना, प्रश्न संपले? मला वाटलं, संपलं. सिस्टर सुटल्या.” मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. “सुटल्या ना?”

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण ती सकाळपासून मिलच्या गेटवर बसून आली होती आणि आपल्याला का काढलं हे मालकाच्या तोंडून ऐकायचा हट्ट धरून बसली होती, असं बाकीच्या बायका सांगून गेल्या होत्या. अशा बाईला मी काय म्हणून फसवू? मी खरं ते सांगितलं. नोकरी गेली, निकाल विरुद्ध लागला, आता पुण्यात घरकामासारखं काम करतात.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, “पत्ता द्या.”

तिला पाठवायच्या आधी सिस्टरांना कल्पना द्यायला हवी होती. त्या कामाला होत्या त्या घरी मी फोन लावला. पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस कण्हत होतं आणि सिस्टर त्यांना “हो, आलेच” म्हणत होत्या. मी सगळं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, “त्याच दिवशी सांगितलं तिनं घरी?”

“त्याच दिवशी.”

“म्हणजे निकालाच्या आधी.”

“हो.”

“कितीतरी आधी.”

“हो, सिस्टर.”

“आणि थोरली गेली?”

“हो.”

पलीकडचं कण्हणं मोठं झालं. “बरं,” सिस्टर म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्या वर्षी पाडव्याला त्यांचा फोन आला नाही. पुढंही कधी आला नाही. मी एकदा केला, तर त्या संस्थेतल्या बाईनं सांगितलं की त्या आता आमच्याकडे नसतात.

कालिंदा मात्र त्याआधीच, त्या फोननंतर आठवड्याभरात, मी दिलेला पत्ता घेऊन पुण्याला जाऊन आली. रात्रीच्या गाडीनं गेली, दुसऱ्या दिवशी परत. डाळमिलच्या खटल्याची तारीख होती त्या सकाळी ती इतर बायकांच्या आधी येऊन व्हरांड्यात बसली होती. मी बाकावर तिच्या शेजारी बसले.

“भेटल्या?”

“न्हाई.”

“घरी नव्हत्या?”

“दार उघडलं एका बाईनं. मी म्हणलं, सिस्टर, मी कालिंदा. लातूरची. त्या म्हणल्या, कोण पाहिजे? मी म्हणलं, सोनकांबळे सिस्टर. त्या म्हणल्या, बाई, तुमचं काहीतरी चुकतंय, मी लातूर बघितलेलं पण न्हाई.” ती सांगताना हातातल्या पिशवीचा बंद सोडत होती, बांधत होती. “मी पाया पडाया वाकले तर मागं सरल्या. मग आतून पाणी आणलं. मी पेईपर्यंत उभ्या राहिल्या. ग्लास घेतला आन दार लावलं.”

शिपायानं आमच्या खटल्याच्या आधीचा पुकारा केला. जिन्यावरून बाकीच्या बायका वर येत होत्या.

“आवाज तसाच वाटला,” कालिंदा म्हणाली. “पण सिस्टर असत्या तर अशा म्हणल्या नसत्या. व्हय ना?” आणि माझ्याकडे वळून तिनं विचारलं, “मॅडम, पत्ता बरोबर होता का तुमचा?”

“चुकला असेल,” मी म्हणाले. “जुना होता. चल, आपला पुकारा होईल आता.”